मिनी पीसीला ब्लू-रे ड्राइव्ह: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहतो. टीव्हीच्या मागे तळहाताएवढा मिनी पीसी चिकटवलाय, त्यात डिस्कला जागाच नाही. भावाने अमेरिकेतून वीसेक ब्लू-रे आणल्यात, म्हणून यूएसबीवाला बाहेरचा ड्राइव्ह घेतला.

डीव्हीडी मस्त चालते. ब्लू-रे टाकली की कट-कट-घुर्र करत दोनदा फिरायची आणि ड्राइव्हच गायब! पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या निळ्या पोर्टला लावला, तेव्हा कुठे डिस्क दिसली. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० वाला ९००. वीजच कमी पडत असणार.

आता दुसरं दुखणं. व्हीएलसी (फुकटचा व्हिडिओ प्लेअर) म्हणतो, एएसीएसची, म्हणजे विकतच्या ब्लू-रेवर कॉपी रोखायला घातलेल्या कुलपाची, किल्ली नाही. चुलतबहिणीच्या लग्नाची, शूटिंगवाल्याने दिलेली ब्लू-रे मात्र सुरळीत चालते. (अक्षता पडताना मी जांभई देतोय, तेही स्वच्छ दिसतं.) म्हणजे ड्राइव्ह धडधाकट आहे, अडलंय ते कुलपाशी.

तर विचारायचं असं, की पैसे देऊन घ्यायचं कुठलं प्लेअर सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः वापरलंय? आणि डिस्क कुठल्या देशांत चालावी याचे विभाग (रीजन) असतात: अमेरिकेतल्या डिस्क रीजन ए, आपण रीजन सी. त्यात बदल ड्राइव्हमध्ये करायचा की सॉफ्टवेअरमध्ये? फोर-के डिस्कचा नाद सोडलाय, त्यांना लागणारं एसजीएक्स (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) माझ्या बाराव्या पिढीच्या इंटेलमध्ये नाहीच.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीतही विचारून आलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता डिस्क कोण बघतं? पेनड्राइव्ह न्या." तिथेच कोणी जाणकार माहीत असेल तर तेही सांगा.