दाद वीस सेकंद उशिरा पोचते, तर त्या गाण्याला मैफल म्हणायचं का?

पहाटवारा

गेली तीन वर्षं मी सेकंड लाइफमध्ये गाणी ऐकायला जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ साली सुरू केलेलं आभासी जग. जिंकण्या-हरण्याचा खेळ नाही. आपला अवतार, म्हणजे पडद्यावरचं आपलं रूप, घ्यायचा, फिरायचं, गप्पा मारायच्या, घर बांधायचं. आणि तिथे रोज कुठे ना कुठे कुणीतरी गात असतं. रेकॉर्ड लावून नाही, आपल्या घरी माइकसमोर बसून, त्याच वेळी.

तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे साडेसात. त्यामुळे माझं ऐकणं पोळ्या लाटता लाटता चालतं. परवा एक अमेरिकन बाई गात होत्या, समोर तीसेक अवतार. दुसऱ्या कडव्यात त्यांना खोकला आला. थांबल्या, पाणी प्यायल्या, ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये स्पष्ट आला, आणि ती ओळ त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतली. दुसऱ्या खेपेला आवाज जरा खरखरीत होता, पण ओळ जास्त लागली. माझी पोळी करपली.

घरी सांगितलं तर भाऊ म्हणाला, बाहुल्यांचा नाच तो, त्याला मैफल काय म्हणतेस! मला हे लागलं. गाणाऱ्याचा गळा त्या क्षणी पणाला लागलाय, समोर ऐकणारे बसलेत, मग ती मैफलच. टाळ्या पंधरा-वीस सेकंद उशिरा पोचतात, एवढंच. तुम्हाला काय वाटतं?

ठेका_दादरा

ताई, ते 'एवढंच' मला मान्य नाही. मी तीस वर्षं तबल्याची साथ करतोय. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर पहिल्या रांगेतली एक मान हलते. गवई ती बघतो आणि तीच जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो. कधी अख्खी बैठक गप्प होते, तेव्हा तो गाणं आवरतं घेतो. श्रोते गाणं घडवत असतात. वीस सेकंदांत मध्यलय तीनतालाची दोन-अडीच आवर्तनं होऊन जातात. तेव्हा पोचलेली 'वाह' कुठल्या समेची? गाणं चांगलं असेल, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला प्रक्षेपण म्हणा.

केबलवाला

मी साउंडचं काम करतो, म्हणून उशीर का होतो ते सांगतो. माइकचा आवाज मिक्सरमधून लॅपटॉपवर, तिथून एन्कोडरमार्फत (आवाज इंटरनेटवर पाठवण्याजोगा करणारा प्रोग्राम) शाउटकास्टसारख्या सर्व्हरवर जातो आणि सलग प्रवाहासारखा, म्हणजे स्ट्रीम होऊन, पुढे पोचतो. जागेचा मालक त्या स्ट्रीमचा पत्ता आपल्या जमिनीच्या सेटिंगमध्ये टाकतो आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला गाणं ऐकू येतं. नेट अडखळलं तरी सूर तुटू नये म्हणून वाटेत काही सेकंदांचा आवाज साठवून ठेवतात. उशीर त्याचा आहे. २००७ पासून तिथे थेट बोलायची सोयही आहे, पण ती बोलण्यासाठी. गाण्याचा भरदारपणा तिच्यात येत नाही, म्हणून गाणारे स्ट्रीमच वापरतात.

गाणारा स्वतःच्या मशीनवर तो स्ट्रीम बंद ठेवतो. नाहीतर आपलाच मागचा आवाज कानात येऊन ताल जाईल. म्हणजे त्याच्या खोलीत शांतता असते. फक्त पडद्यावर चॅटच्या ओळी सरकतात, त्याच त्याच्या टाळ्या.

द्वंद्वगीताचा प्रकार तर बघण्यासारखा आहे. पहिली गाते, तिचा स्ट्रीम दुसऱ्याच्या घरी जातो, तो त्यावर आपला आवाज चढवतो आणि एकत्र झालेला स्ट्रीम श्रोत्यांकडे. पहिलीला जोडीदाराचा आवाज गाताना ऐकूच येत नाही. तो नक्की कुठे येईल या भरवशावर ती जागा सोडते.

ठेका_दादरा

धन्यवाद, माझाच मुद्दा मांडलात. न ऐकता जागा सोडायची, ही साथ नव्हे. आणि पुष्कळजण तयार ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या साथीवर, गातात, बरोबर ना? ट्रॅक गाणाऱ्यासाठी थांबत नाही. त्या बाई खोकल्यावर थांबल्या तेव्हा वाजवणारा माणूस असता तर त्याने ठेका धरून ठेवला असता.

मृद्गंध

दादरासाहेब, आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. आमच्या घरी शनिवारी रात्री वडील रेडिओशेजारी दिवा मालवून बसायचे. स्टुडिओतून थेट गाणाऱ्यांना कुणाची मान दिसत होती? तिथे तर चॅटचीही ओळ नव्हती. त्या ऐकण्याला आम्ही कमी मानलं नाही.

खोटं काय असतं तेही बघा. एप्रिल २०२० मध्ये फोर्टनाइट या ऑनलाइन खेळात अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा कार्यक्रम झाला, एका वेळी १ कोटी २३ लाख लोक हजर. पण सगळं आधी बनवून ठेवलेलं. त्याला खोकला येणं शक्यच नव्हतं. सेकंड लाइफमध्ये एका प्रदेशात, म्हणजे तिथल्या जमिनीच्या एका तुकड्यावर, जेमतेम शंभर अवतार मावतात, पण माणूस खरंच गात असतो. सुझान वेगासारखी नावाजलेली गायिका २००६ मध्ये तिथे गायली, पुढच्या वर्षी रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने कार्यक्रम केला.

ठेका_दादरा

रेडिओचं उदाहरण चांगलं आहे, पण अर्धं. स्टुडिओत तबलजी आणि पेटीवाला शेजारी बसलेले असत. निम्मी दाद साथीदारच देतात हो. माझ्या एका 'क्या बात है'वर बुजुर्ग गवई खुललेले मी पाहिलेत. इथे तर बाई खोलीत एकट्या.

संथलय

तबलजींशी सहमत, आणि कारण तंत्राचं आहे. दहा मीटरवरून आवाज यायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. उशीर त्याहून फार वाढला की एकत्र वाजवणं कठीण होतं. वीस सेकंद तर त्याच्या कित्येक पट.

पण पैशाचं कुणी बोललं नाही. मी तिथे दोन वर्षं गिटार घेऊन गायलो. शेजारी टिप जार, म्हणजे बक्षिशीचा डबा, ठेवायचा. अनेक वर्षं भाव साधारण अडीचशे लिंडन डॉलरला (हे तिथलं चलन) एक अमेरिकन डॉलर असा होता. कुणी दोनशे टाकले तर डॉलरही होत नाही. तेवढ्यासाठी कुणी रियाज करत नाही. माणसं नावानिशी परत येतात म्हणून गातो.

पहाटवारा

दादरासाहेब, साथीचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण त्या बाई 'एकट्या' होत्या हे मी मानणार नाही. खोकल्यानंतर चॅटमध्ये कुणी लिहिलं, "घाई नाही, आम्ही इथेच आहोत." त्याखाली आणखी दहा-बारा जणांनी तेच लिहिलं. त्या ओळी तिच्यापर्यंत पोचल्या तेव्हा गाणं तिसऱ्या कडव्यात होतं. तिचा आवाज जरा थरथरला, ओळ संपवून तिने भर गाण्यात "थँक यू" म्हटलं आणि शेवटचं ध्रुवपद ट्रॅक बंद करून नुसत्या आवाजात गायली.

ट्रॅक बंद केला, दादरासाहेब. तुमची ती हललेली मान तिला उशिरा दिसली, पण दिसली.

ठेका_दादरा

हे आधी सांगायला हवं होतं. तरीही मी मैफल म्हणणार नाही. पण त्या पुन्हा कधी गाणार आहेत? सकाळी साडेसातला मी रिकामाच असतो.