नवी वर्गखोली कशी असावी?

प्रश्न (पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती, जि. सांगली):
आमच्या कृष्णाकाठच्या गावात जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या खोल्या पाडून नव्या बांधायच्या आहेत. आराखड्यात पुन्हा तोच व्हरांडा आणि ओळीने बाक मांडलेल्या खोल्या आहेत. मुले आता गटागटाने शिकतात, तर खोलीचीही रचना बदलायला नको का?

उत्तर (वास्तुविशारद, सांगली):
व्हरांडा मात्र काढू नका. तो आठ फूट रुंद करून कठड्याऐवजी बसता येईल असा कट्टा बांधल्यास तोच वाचनाची जागा होतो. खिडक्या उत्तर व दक्षिण भिंतींत समोरासमोर ठेवल्यास वारा आरपार खेळतो आणि मावळतीचे ऊन फळ्यावर चमकत नाही. २०१९ च्या महापुराची खूण पाहूनच जोत्याची उंची ठरवा.

उत्तर (निवृत्त शिक्षिका, वाई):
आमचे लोखंडी बाक हलवताना शहाबादी फरशीवर असा कर्कश आवाज होई, की शेजारच्या वर्गातील बाई दारात येऊन उभ्या राहत. अखेर आम्ही सतरंज्यांवरच गट बसवले. त्यामुळे बाक वजनाला हलके असेच घ्या. पहिलीच्या मुलाचा हात पोहोचेल इतका फळा खाली असावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) इमारतीत अडथळाविरहित प्रवेश हवा, तेव्हा रॅम्प विसरू नका.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. जोते तीन फूट घेतले, तर एकास बारा उताराने रॅम्प छत्तीस फूट लांब होतो. तेवढी जागा पटांगणाच्या कडेने वळवून मिळते का, हे अभियंत्यांना विचारतो.