अंगावरचे केस म्हणजे अस्वच्छता नव्हे: त्या पोस्टला सविस्तर उत्तर

मृद्गंध (धागा सुरू करणारी)

गेल्या आठवड्यात अनेकींनी मला एकच पोस्ट पाठवली. तिचा आशय असा: काखेतले आणि जांघेतले केस हे जंतूंचे घर असते, म्हणून प्रत्येक स्त्रीने दर महिन्याला संपूर्ण अंगाचे वॅक्सिंग करावे, रेझर फिरवल्यास केस दाट व राठ उगवतात, म्हणून तो वापरू नये, आणि मुलींना दहाव्या वर्षापासूनच याची सवय लावावी. ज्या स्त्रिया असे करत नाहीत त्यांना त्या पोस्टमध्ये 'गबाळ्या' म्हटले आहे. हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

केस ही घाण नाही. काखेतल्या घामाला मुळात वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्या घामाचे विघटन करतात तेव्हा वास येतो, आणि साबण-पाण्याने रोज नीट धुणे एवढाच त्यावर आरोग्याचा म्हणून लागणारा उपाय आहे. केस काढल्यावर वास थोडा कमी वाटतो हे खरे, पण त्यासाठी त्वचेला जी किंमत मोजावी लागते तिचा त्या पोस्टमध्ये उल्लेखही नाही. ब्लेडने त्वचेला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, वॅक्सिंगने केस मुळासकट ओढला जातो आणि रिकाम्या झालेल्या छिद्रात जिवाणू शिरले की पुटकुळ्या येतात, क्वचित केसतोड होते. नवा केस बाहेर येण्याऐवजी आतल्या आत वळला की गाठ धरते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत अशा दाहामागे अनेकदा काळा डाग उरतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. मग तो डाग घालवण्यासाठी दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे क्रीम आणले जाते, आणि तिथून दुसरेच दुखणे सुरू होते. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत जांघेतले केस काढणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने कधी ना कधी इजा झाल्याचे सांगितले होते.

रेझरने केस दाट होतात ही समजूतही खोटी आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ स्त्रीने १९२८ सालीच मोजमाप करून दाखवले होते की, दाढी केल्याने केसांची जाडी वा वाढ बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला टोचतो, इतकेच.

हौस म्हणून कोणी केस काढत असेल तर माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती स्वच्छतेच्या नावाखाली धाक घालण्याला आणि दहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराची किळस शिकवण्याला.

निशिगंध, कोल्हापूर

मी पार्लर चालवते आणि ताईंचे लिखाण वाचून मला वाईट वाटले. आपण जे दुष्परिणाम सांगितलेत ते बहुतेक घरी यूट्यूब पाहून केलेल्या प्रयोगांचे असतात. मी एका हाताने त्वचा ताणून धरते, केसांच्या दिशेने वॅक्स लावते, उलट दिशेने एकाच झटक्यात पट्टी ओढते आणि एकदा अंगाला लागलेला चमचा पुन्हा भांड्यात बुडवत नाही. असे करणाऱ्या आम्ही अनेक जणी आहोत. पण प्रत्येक वेळी नवा लाकडी चमचा आणि नवी पट्टी वापरली की चार पैसे जास्त घ्यावे लागतात, आणि मग हीच गिऱ्हाइके शेजारच्या स्वस्त ठिकाणी जातात, जिथे कालचेच वॅक्स पुन्हा गरम केलेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे बायका आमच्यापासून औषधे लपवतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेली एक मुलगी माझ्याकडे वरच्या ओठाचे वॅक्सिंग करून घ्यायला आली. मी स्पष्ट विचारले, तिने नाही म्हणून सांगितले आणि पट्टीबरोबर तिची कातडी निघाली. त्या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही सहा महिने वॅक्सिंग करायचे नसते हे मला ठाऊक होते, तिलाही तिच्या डॉक्टरांनी सांगितलेले होते. तरीही नाव माझ्या पार्लरचे खराब झाले. दोष लावताना ही बाजूही लिहीत जा.

कृष्णाकाठ

मूळ प्रश्न एवढाच आहे की आपल्या आज्या-पणज्या यातले काही करत नव्हत्या आणि त्यांची त्वचा उत्तम होती. डाळीचे पीठ, साय आणि हळद एवढ्यावर घराण्याच्या घराण्यांनी दिवस काढले. जन्मलेल्या बाळाची लवसुद्धा पिठाचा गोळा फिरवून जात असे. हे सगळे रासायनिक प्रकार बंद करा, तक्रारी आपोआप थांबतील.

शल्यक

कृष्णाकाठ, बाळाबद्दलचे आपले विधान मी तसेच जाऊ देणार नाही. नवजात बाळाच्या अंगावरची लव पहिल्या काही आठवड्यांत आपोआप गळते. गोळा फिरवला नाही तरी गळते. त्या रगडण्याने बाळाची नाजूक त्वचा सोलवटते, पुरळ येते, आणि अशी लालबुंद बाळे आमच्या बालरोग विभागात येतात. केस काढणाऱ्या क्रीमबद्दल म्हणाल तर त्यातले थायोग्लायकोलेट हे रसायन केसांतल्या केराटिन या प्रथिनाचे बंध तोडते, आणि त्वचेतही केराटिनच असते. म्हणून ते आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून चोवीस तास वाट पाहावी आणि पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. ज्यांच्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या आहेत, त्यांनी त्या बाजूच्या काखेला आणि हाताला वॅक्स व ब्लेड दोन्ही लावू नयेत, कारण तिथे जंतुसंसर्ग झाला की हात कायमचा सुजू शकतो. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी जांघेत ब्लेड वापरणे टाळावे.

परिचारिका, निवृत्त

सगळे इतक्या खात्रीने 'केस ही घाण नाही' म्हणत आहेत, तर मला एक सांगा. मी शासकीय रुग्णालयाच्या प्रसूती विभागात आयुष्य घालवले. बाळंतपणासाठी आलेल्या प्रत्येक बाईचे केस काढूनच तिला आत घेतले जाई, शस्त्रक्रियेच्या रुग्णाचे आदल्या रात्री. केसांत जंतू नसतील तर इतकी वर्षे सर्व डॉक्टर आम्हाला हे काम कशासाठी सांगत होते? रुग्णालयाची पद्धत ही काही कोणाच्या पोस्टवरून ठरत नाही.

शल्यक

बाई, आपल्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण आपण दिलेले उदाहरण नेमके उलट बाजूचे आहे. सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांनी १९७१ साली दाखवले की, शस्त्रक्रियेपूर्वी रेझरने केस काढलेल्या रुग्णांत जखम चिघळण्याचे प्रमाण ५.६ टक्के होते, तर केस न काढलेल्या किंवा क्रीमने काढलेल्या रुग्णांत ते फक्त ०.६ टक्के होते. आदल्या रात्री ब्लेड फिरवले की त्या बारीक ओरखड्यांत रात्रभर जिवाणू वाढतात आणि सकाळी आम्ही तिथेच छेद घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले की शस्त्रक्रियेसाठी केस काढूच नयेत, अगदीच आवश्यक असेल तर फक्त क्लिपरने (केस कापायच्या यंत्राने) कापावेत आणि ब्लेड कधीही लावू नये. २०१८ साली त्याच संघटनेने नैसर्गिक प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत असेही सांगितले.

आरती म.

हा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. मूळ चर्चा वॅक्सिंगची आहे हे मला ठाऊक आहे, पण माझ्या शरीरावर सर्वांत वाईट ब्लेड फिरले ते पार्लरमध्ये नव्हे, प्रसूतिगृहात. कळा सुरू होत्या. एक मावशी आल्या, त्यांनी काही न विचारता कपडे वर केले आणि पाणी-साबण न लावता कोरडे ब्लेड फिरवायला सुरुवात केली. कळ आली की मी हलत होते आणि मी हलले की त्या ओरडत होत्या. बाळंतपणानंतर टाक्यांपेक्षा त्या कापल्याच्या जागा जास्त झोंबत होत्या. लघवीला जायची भीती वाटे. पुढे केस परत येताना जी खाज आणि पुटकुळ्या सुरू झाल्या, त्यामुळे बाळाला घेऊन मांडी घालून बसणे अशक्य झाले होते. आणि आज निवृत्त बाई त्याच ब्लेडचा दाखला देऊन आम्हाला सांगतात की केस घाण असतात!

परिचारिका, निवृत्त

आरतीताई, तुमच्या वेदनेबद्दल मला वाईट वाटते, पण तुम्ही सगळा राग आमच्यावर काढू नका. एका खाटेवर दोन-दोन बायका असत, ब्लेडची पाकिटे मोजून मिळत आणि कागदावर 'तयारी करा' असा डॉक्टरांचा आदेश असे. तो पाळला नाही तर बोलणी आम्हीच खायची आणि पाळला तर वीस वर्षांनी तुमच्याकडूनही खायची. टाके घालताना केस मध्ये येतात, धाग्यात गुंततात, नंतर जागा साफ ठेवता येत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. परदेशातल्या कागदांवरून आमच्या हातांना दोषी ठरवणे मला मान्य नाही.

आरती म.

मोजून मिळणाऱ्या ब्लेडबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. 'आता हे करणार आहे' एवढे एक वाक्य बोलायला पैसे लागत नव्हते, आणि ते कोणी बोलले नाही. त्याबद्दल मी गप्प बसणार नाही.

शल्यक

टाके घालताना केस अडचणीचे होतात हे मी मान्य करतो; मीही टाके घालतो. पण त्यासाठी तेवढ्याच जागेचे केस कात्रीने कापले की काम भागते. आदेश डॉक्टरांचा होता ही गोष्टही खरी आहे. आमच्या पिढीने ती सवय वरच्यांकडून घेतली, पुरावा पुढे आल्यानंतरही ती बरीच वर्षे सोडली नाही, आणि त्याची बोलणी परिचारिकांनी खाल्ली. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

रानजाई

तुमची बाळंतपणे आणि ब्लेड चालू द्या, पण मृद्गंध, तुम्ही वापरलेला 'हौस' हा शब्द मला फार लागला आहे. मला पीसीओएस (बीजकोशांशी संबंधित हार्मोनचा आजार) आहे. माझ्या हनुवटीवर आणि गळ्यावर राठ केस येतात, पाळी तीन-तीन महिने येत नाही. सकाळी चिमट्याने केस ओढल्याशिवाय मी कामावर जाऊ शकत नाही, आणि ती हौस नाही. तुमच्यासारख्या लव असलेल्या बायकांनी 'केस नैसर्गिक आहेत, स्वीकारा' असे सांगणे सोपे आहे.

मी एका क्लिनिकमध्ये लेझरसाठी गेले. 'कायमचे जातील' असे सांगून त्यांनी आगाऊ पैसे घेतले; पाळीबद्दल, वजनाबद्दल, हार्मोनबद्दल एक प्रश्न विचारला नाही. काही महिन्यांनी गळ्याच्या ज्या भागात आधी नुसती लव होती तिथेही काळे केस उगवले. नंतर एका त्वचारोगतज्ज्ञांनी समजावले की चेहरा व मानेवर, विशेषतः हार्मोनचा दोष असलेल्या स्त्रियांत, लेझरमुळे असे उलट घडू शकते. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शोषला जातो, आणि त्याचा परिणामही केस वाढीच्या अवस्थेत असेल तरच होतो. म्हणून फेऱ्या अनेक लागतात, पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही, आणि सावळ्या त्वचेला भाजू नये म्हणून १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर बहुधा अधिक सुरक्षित धरतात. अमेरिकेचे औषध प्रशासनसुद्धा लेझरला केस 'कायमचे काढणे' म्हणू देत नाही, 'कायमचे कमी करणे' एवढेच म्हणू देते. हे सगळे पैसे भरण्याआधी मला कोणी का सांगितले नाही?

निशिगंध, कोल्हापूर

रानजाईताई, हनुवटीवर राठ केस घेऊन येणाऱ्या तरुण मुलींना मी आधी पाळीबद्दल विचारते आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगते. त्यातल्या निम्म्या रागावून जातात. तरीही सांगते.

मृद्गंध

रानजाई, 'हौस' हा शब्द मी ज्या पोस्टला उत्तर देत होते तिच्या संदर्भात होता. तुमच्या हनुवटीवरचे केस हे आजाराचे लक्षण आहे आणि त्यावर उपचार घेणे हा तुमचा हक्क आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र तुम्ही मला ज्या बाजूला उभे केलेत ती माझी बाजू नाही. केस ठेवा असे मी कुठेही म्हटलेले नाही. अंगावरचे केस ही घाण, असे एकदा मनात ठसले की तुमच्यासारख्या मुलीला डॉक्टरांऐवजी आधी पार्लरमध्ये, मग लेझरवाल्याकडे पाठवले जाते आणि पाळीचा प्रश्न कोणी विचारतच नाही. तुमचीच हकीकत माझ्या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

रानजाई

पुरावा म्हणून वापरून घ्या, पण शब्द जपून वापरा. औषधे सुरू केली आहेत. केसांचे चक्र संथ असल्याने फरक दिसायला किमान सहा महिने लागतील असे सांगितले आहे, आणि तोवर माझा चिमटा माझ्याकडेच राहील.

आठवा महिना

मी हा सगळा धागा वाचते आहे. माझ्या प्रसूतिगृहाने दिलेल्या यादीत 'घरून केस काढून यावे' असे लिहिले आहे. पोटामुळे मला खाली काही दिसत नाही आणि सासूबाई म्हणतात की पार्लरमध्ये जाऊन वॅक्स करून घे. मी नक्की काय करू?

शल्यक

काहीही करू नका. वाटलेच तर घरातल्या कोणाच्या मदतीने ट्रिमरने किंवा बोथट टोकाच्या कात्रीने केस बारीक करा, पण ब्लेड आणि वॅक्स नको. गरोदरपणात तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, वॅक्सिंग जास्त दुखते आणि सूज लवकर येते. सिझेरियन करावे लागलेच तर छेदाच्या रेषेपुरते केस शस्त्रक्रियेच्या आधी तिथेच क्लिपरने कापता येतात.

परिचारिका, निवृत्त

डॉक्टर म्हणतात तसे करा. २०१८चे ते मार्गदर्शन मी काल मुलीकडून वाचून घेतले. त्यात तसेच आहे, एवढे मी कबूल करते. आमच्या विभागात ते कोणी कधी लावले नाही, हेही लिहून ठेवते. आणि बाळा, पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा ती यादी सोबत ने आणि केसांची ओळ डॉक्टरांकडूनच खोडून सही घे. नुसते तोंडी सांगितलेस तर रात्रपाळीची परिचारिका यादीप्रमाणेच करील, कारण तिला तेच सांगितलेले असते.