साबणाच्या वडीने धुतलेले केस मेणचट होतात, शेवटी व्हिनेगरचं पाणी घ्यावं का?

कातळफूल

माझे केस कमरेच्या खाली येतात, वय 36. माहेर राजापूर तालुक्यात. घरची विहीर जांभ्यात खोदलेली आणि पाणी असं की नुसत्या पाण्याने डोकं धुतलं तरी केस मऊ राहायचे. आजी शिकेकाई घरीच करायची. शेंगा, रिठे, वाळवलेली लिंबाची सालं, गवला कचोरा, नागरमोथा, मूठभर मेथ्या, सगळं कडकडीत उन्हात घालून मग गिरणीत. गिरणीवाला हे दळण दिवसातलं शेवटचं घ्यायचा, कारण त्याच्या धुळीने सगळ्यांना ठसका लागायचा. रविवारी बंब पेटला की परसातली जास्वंदीची पानं पाण्यात चुरून त्याचा बुळबुळीत रस काढायचा, तो शिकेकाईत. आणि काही वेळा, दर वेळी नाही, आजी शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळायची. का ते मी कधी विचारलं नाही.

आता आठ वर्षं वाघोलीत आहे. सोसायटीत बोअरचं पाणी, मार्चपासून टँकर. बादलीच्या काठाला पांढरं कडं बसतं, घासलं तरी आठवड्यात परत. शिकेकाईचा घाट घालायला इथे ना ऊन पडणारी गच्ची आहे ना वेळ, म्हणून वर्षभरापूर्वी एका प्रदर्शनातून केसांसाठीची हाताने केलेली साबणाची वडी आणली. खोबरेल आणि एरंडेलाची, सल्फेट वगैरे काही नाही. पहिला महिना मी खूश होते.

मग केस बदलले. ओले असताना बोटं फिरत नाहीत, अडकतात. वाळल्यावर तेल लावून दोन दिवस झाल्यासारखे दिसतात. फणीच्या दातांच्या मुळाशी करडं मेण साचतं, नखाने खरवडलं तर वळी निघते. सासूबाई म्हणाल्या तेल कमी लाव. तीन आठवडे तेल पूर्ण बंद ठेवलं, काडीचा फरक नाही.

ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली व्हिनेगर वापर. मी वापरलं आणि फसलं. डोक्यावर फेस असतानाच अर्धी वाटी व्हिनेगर मगभर पाण्यात घालून ओतलं, वाटलं एकाच वेळी सगळं निघून जाईल. फेस जागच्या जागी बसला आणि केसांत पांढरे कण झाले, दूध नासतं ना, तसे. ते काढायला तीन दिवसांत चार वेळा शांपू करावा लागला. डोळ्यातही गेलं, संध्याकाळपर्यंत डोळा लाल होता.

तर कुणी नीट सांगेल का: प्रमाण किती, कधी ओतायचं, दर आठवड्याला चालतं का, सफरचंदाचंच लागतं की चायनीजमध्ये घालतो ते पांढरंही चालेल? दीड महिन्याने मी मेंदी लावते, ती उतरेल का? शांपूवर परत जायचं नाहीये. आजीच्या रीतीच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहायचं आहे.

सोलापूरच्या बाई

कातळफूल, एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि तेवढीच वर्षं सोलापूरच्या पाण्याने केस धुतले, त्यामुळे सविस्तर लिहिते.

तुमच्या केसांवर जे बसलंय ते तेल नाही. ती साबणाची साय आहे. आठवीच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणून शिकलो होतो बघा, ज्याला फेस धरत नाही ते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी जितकं खोल आणि जितके दिवस राहील तितकं ते जास्त घेतं. साबण त्या कॅल्शियमला धरतो आणि दोघांचा मिळून न विरघळणारा चिकट पदार्थ होतो. बादलीचं कडं आणि तुमच्या फणीवरचं मेण ही सख्खी भावंडं. तुमच्या जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम फारसं नसणार, म्हणून तिथे हा प्रश्नच कधी आला नाही. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात कठीणपणा, म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. सोसायटीकडे पाण्याचा तपासणी अहवाल असतो, तो मागून बघा. त्यात टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा, आकडा पाहू नका, ‘टोटल हार्डनेस’चा पाहा. दोन्ही एक नाहीत.

अहवाल मिळेपर्यंत घरी एक प्रयोग करा. मी मुलांकडून करून घ्यायची. सारख्या दोन बाटल्या घ्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्ही अर्ध्या भरून. त्याच वडीचा चिमूटभर कीस दोन्हींत टाका, बूच लावून वीस वेळा हलवा आणि ठेवून द्या. पहिलीत फेस टिकेल. दुसरीत पाणी गढूळ होईल, फेस विझेल आणि वर कण तरंगतील. ते कण म्हणजे तुमचे केस.

आता व्हिनेगर. त्याने दोन गोष्टी होतात. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली. साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, केसाचा स्वतःचा 3.7 च्या आसपास, टाळूचा साधारण 5.5. साबणाने केसावरचे बारीक खवले उघडतात, वाऱ्याने कौलं उचलली जावीत तसे, आणि मग एक केस दुसऱ्यात अडकतो. आम्लाने ती कौलं परत बसतात. दुसरं, आम्ल त्या सायीतलं कॅल्शियम सोडवून पाण्याबरोबर नेतं.

पण तुम्ही ओतलंत तेव्हा डोक्यावर ताजा साबण होता. आम्लाने साबण फुटतो आणि मूळच्या तेलातलं मेदाम्ल (फॅटी ॲसिड) सुटं होतं, ते पांढरे कण म्हणजे तेच. म्हणून आधी साबण पूर्ण धुऊन काढायचा. केसातून निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा, मगच व्हिनेगरचं पाणी. हा क्रम कधीही उलटा करू नका.

प्रमाण: एक लिटर पाण्याला एक पोह्याचा चमचा, तोही 4-5 टक्के ॲसेटिक ॲसिडच्या (व्हिनेगरमधलं आम्ल ते हेच) बाटलीतला. टक्केवारी बाटलीवर छापलेली असते, वाचूनच घ्या. तुमचं पाणी जड आहे, त्यातले बायकार्बोनेट नावाचे क्षार व्हिनेगरचा बराच भाग आधीच खाऊन टाकतात, तेव्हा दोन धुण्यांत फरक दिसला नाही तर दोन चमचे करा. त्यापुढे जाऊ नका. त्यापेक्षा पाणी बदला: आदल्या रात्री दोन लिटर पाणी दहा मिनिटं खळाखळा उकळून झाकून ठेवा. सकाळी तळाशी पांढरा साका बसलेला दिसेल, वरचं निवळ पाणी शेवटच्या धुण्याला घ्या. सगळा नाही, पण कठीणपणाचा बराच भाग त्या साक्यात राहतो.

मान मागे टाकून, कपाळाच्या रेषेपासून मागे ओता, डोळे मिटून. मिनिटभर ठेवा आणि साध्या पाण्याचा एक मग घ्या. वास केस वाळले की जातो. कोरं व्हिनेगर टाळूवर कधीच लावू नका, त्याने कातडी भाजते. खाजवून जखम झाली असेल तर त्या आठवड्यात राहू द्या. मेंदीची काळजी नको, ती आपण लिंबाच्या पाण्यात भिजवतोच, इतक्या सौम्य आम्लाने ती उतरत नाही.

हे सगळं साबणासाठी. ज्या दिवशी शिकेकाई लावाल त्या दिवशी व्हिनेगर नको. शिकेकाईचं पाणी स्वतःच किंचित आंबट असतं आणि त्यातला फेस साबणाचा नाही, तो कॅल्शियमशी साय धरत नाही. आंबटावर आंबट घालून केस फक्त कोरडे पडतील.

पाटावरची गोंयकार

बाईंचं सगळं पटलं. सफरचंदाचंच हवं का, याबद्दल एवढंच सांगते.

आमच्याकडे बार्देशात माडाच्या सुरेचं, म्हणजे माडातून काढलेल्या गोड रसाचं, व्हिनेगर घरोघरी असतं. ताजी सूर बरणीत ठेवली की आधी तिची दारू होते, मग काही आठवड्यांनी आंबट होत जाते. माझी सासू ती बरणी देवासारखी जपते, कारण रेशाद मसाला आणि विंदालूची चव तिच्यावर अवलंबून. मी पण आधी तेच केसांना घेतलं, घरचं म्हणून चांगलं असं समजून. एकदा बरं वाटायचं, एकदा टाळू चुरचुरायची. कारण साधं होतं, घरच्या बरणीची तीव्रता दर खेपेला वेगळी. बाटलीवरच्यासारखा आकडा तिच्यावर कोण लिहिणार?

आता केसांना साधं पांढरं वापरते. काम आम्ल करतं, सफरचंद नाही आणि माडही नाही. उलट गाळ असलेलं व्हिनेगर गाळून न घेतल्यास तो गाळ केसांत राहतो. चांगलं व्हिनेगर मसाल्यात घाल बाय, तिथे त्याची किंमत आहे.

आणि हे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात कालवून ठेवू नका. आंबटाने हिरवं चढतं, तेच मग डोक्यावर. प्लास्टिकचा मग किंवा स्टीलचं भांडं बरं.

नगरचा अभिजित

मला दोन वर्षांपासून कोंडा आहे. व्हिनेगरने जाईल का? केस गळणंही थांबतं असं ऐकलंय.

सोलापूरच्या बाई

अभिजित, आधी हे ठरवा की तो कोंडा आहे की साबणाची साय. साय केसावर असते, बोटांत चोळली की मेणासारखी पसरते. कोंडा टाळूपासून सुटतो, कोरडा किंवा तेलकट पापुद्रा, बहुतेकदा खाजेसकट. साय असेल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू. दोन वर्षांचा कोंडा मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यावर किटोकोनॅझोलसारखी औषधं असलेले शांपू आहेत, ते त्यांच्या सल्ल्याने वापरा. आधीच लाल झालेल्या टाळूवर व्हिनेगर ओतून ती आणखी भडकते. माझ्या भाच्याने तेच केलं आणि महिनाभर टोपी घालून फिरला, फार वाईट वाटलं मला. गळण्याचं मूळ केसाच्या मुळाशी असतं, वरून धुतलेल्या पाण्याने ते थांबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

कातळफूल, एक राहिलं. व्हिनेगरचा वास नकोसा झाला तर वाण्याकडचं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर पाण्यात दोन चिमूट विरघळवून घ्या. ते कॅल्शियमला व्हिनेगरपेक्षा घट्ट धरतं. डोळ्यांना मात्र तितकंच झोंबतं.

कातळफूल

पाच आठवडे झाले, सांगायला आले.

बाटल्यांचा प्रयोग मुलाबरोबर केला. तो नऊ वर्षांचा आहे, त्याने दुसऱ्या बाटलीकडे बघून ‘आई, हे ताक झालं’ म्हटलं. अगदी तसंच झालं होतं. आरओच्या बाटलीतला फेस रात्री जेवणं होईपर्यंत होता. सोसायटीचा अहवालही मिळाला, कठीणपणा 480. टँकरचं पाणी त्यात धरलेलं नाही.

पहिल्या दोन धुण्यांत एक चमचा घेतला, थोडाच फरक वाटला. मग पाणी उकळून निवळून घेतलं आणि दोन चमचे केले. तिसऱ्या धुण्याला ओल्या केसांतून बोटं टोकापर्यंत गेली, मधे कुठे न अडकता. मी न्हाणीघरात तशीच उभी राहिले, पुन्हा पुन्हा हात फिरवत. फणी ब्रशने घासून काढली होती, ती दोन आठवडे झाले तरी स्वच्छ आहे. तेलही परत सुरू केलंय, आदल्या रात्री दोन चमचे खोबरेल. ज्या दिवशी साबण नाही, नुसतं पाणी, त्या दिवशी व्हिनेगर घेत नाही. एकदा दोन दिवस लागोपाठ घेतलं तर टोकं खरखरीत झाली, आता आठवड्यातून एकदाच. बाटलीवर चिकटपट्टी लावून ठळक ‘व्हिनेगर’ लिहून वरच्या फळीवर ठेवली आहे, मुलाचा हात पोचत नाही तिथे.

सोलापूरच्या बाई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. वर्षभर मला वाटत होतं की माझे केसच बिघडले.

आणि काल आईला फोनवर आजीच्या लिंबाबद्दल विचारलं. आजी दर वेळी का पिळत नव्हती? आई म्हणाली, पावसाळ्यात शेंगा वाळायच्या नाहीत, दळण संपून जायचं. मग आजी तुझं डोकं अंगाच्या साबणाने धुवायची. त्याच दिवशी लिंबू असायचं.