शब्दचर्चा: फोटॉन 'टिपला' म्हणावं का?

भाचीच्या वर्गासाठी (नववी) नासाच्या सायकी या अंतराळयानावर मराठीत दोन पानं लिहून देतोय आणि चार दिवस एकाच क्रियापदावर अडकलोय. डिसेंबर २०२३ मध्ये या यानाने तीन कोटी किलोमीटरवरून लेझरने व्हिडिओ पाठवला, तो कॅलिफोर्नियात पालोमारच्या ५ मीटरच्या हेल दुर्बिणीतून उतरवून घेतला. एवढ्या लांबून येईपर्यंत लेझरचा झोत पसरून इतका विरळ होतो की एकेक फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाची, दखल घ्यावी लागते, म्हणून तिथं सुपरकंडक्टिंग नॅनोवायरचा (विजेला रोध शून्य असलेल्या, म्हणजे अतिसंवाहक, अतिबारीक तारेचा) डिटेक्टर लावला होता. आता त्या तारेने फोटॉनचं नेमकं काय केलं? पकडला, शोधला, मोजला, ओळखला? मला 'टिपला' आवडतंय पण भाची म्हणते मामा, टिपतात ते फोटो.

*

दादा, आधी तारेत काय घडतं ते बघू, शब्द तिथूनच निघेल. बऱ्याचदा निओबियम नायट्राइडचा जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा असतो, त्यातून १०० नॅनोमीटरच्या आसपास रुंदीची तार कोरतात, नागमोडी, म्हणजे थोड्या जागेत जास्तीत जास्त तार बसते. (नागमोडी हा शब्द आपल्याकडे आयताच आहे, तो सोडू नका.) हे सगळं उणे २७० सेल्सियसच्या आसपास थंड ठेवून तारेतून करंट सोडायचा, पण कसा, तर काठोकाठ भरलेल्या हंड्यासारखा, आणखी जरासा वाढवला तर अतिसंवाहकता मोडेल इतका. मग फोटॉन येतो, तारेत शोषला जातो, अतिसंवाहकता ज्यांच्यामुळे असते त्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तिथं फुटतात, तेवढ्या ठिपक्याची अतिसंवाहकता जाते, करंट ठिपक्याला वळसा घालून कडेच्या चिंचोळ्या वाटेने जायला बघतो, तिथं गर्दी होऊन मर्यादा ओलांडली जाते आणि तारेची अख्खी रुंदी अडते. रोध शून्यावरून एकदम हजारो ओहमवर. करंट बाहेरच्या सर्किटकडे वळतो, तिथं व्होल्टेजचा एक ठोका उमटतो, तोवर ठिपका निवतो आणि काही नॅनोसेकंदांत तार पुन्हा तयार.

आता 'पकडला' म्हटलं की तो हातात आहे असं वाटतं, इथं तर फोटॉन संपलेला असतो. 'शोधला' मध्ये धावपळ आहे, तार बिचारी जागची हलत नाही. 'मोजला' पण सावकाश वापरा, कारण साधी एकच तार असेल तर एकदम एक आला की दोन आले हे ती सहसा सांगू शकत नाही, ठोका तोच. म्हणून माझं मत टिपला! टिपकागद आठवा. आमच्या आजोबांच्या टेबलावर लाकडी मुठीचा अर्धगोल टिपकागद असायचा, पत्रावर फिरवला की ओली शाई शोषून घ्यायचा आणि कागदावर डाग उरायचा. शोषणं आणि खूण उमटणं, दोन्ही त्या एका क्रियापदात आहे.

*

टिपकागद पटला. पण टिपण्यात नेम पण असतो ना? चिमणी दाणा टिपते म्हणजे बघून, निवडून उचलते. तार निवडत नाही, आलेला फोटॉन कुठल्या रंगाचा होता हेही ठोक्यावरून कळत नाही.

बाकी, नावाचं काय करताय? विश्वकोशी वळणाचा 'अभिज्ञातक' मुलांच्या तोंडी बसणार नाही, डिटेक्टरच ठेवा. 'अतिसंवाहक' मात्र ठेवा आणि खाली एक ओळ लिहा, कारण 'अति' म्हटलं की मुलांना तांब्यापेक्षा जरा जास्त असं वाटतं, इथं रोध शून्य आहे. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडनला भौतिकशास्त्रज्ञ कॅमरलिंग ओनेसना पाऱ्यात हेच दिसलं होतं. मी मध्ये 'शून्यरोधी' सुचवणार होते पण ते अपुरं पडतं, अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्रही बाहेर ढकलतो, ते त्यात येत नाही.

आणि डार्क काउंटचं 'अंधारमोजणी' कृपा करून करू नका. अंधार कोणी मोजत नाहीये, फोटॉन नसताना उमटलेला ठोका आहे तो. 'फुकटचा ठोका' म्हणा, कळतं.

*

ताई, नेमाचा मुद्दा बरोबर आहे, पण टिपकागद तरी कुठे निवडतो, जी शाई लागेल ती टिपतो. तेव्हा टिपकागदाच्या अर्थाने घेतोय आणि तसं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे फोटोचा घोळ होणार नाही. 'ठोका' दोघांकडून उचललाय, पल्सला नाडीपेक्षा तो कितीतरी बरा. पहिलं वाक्य असं केलंय: "टिपकागद जशी शाई टिपतो तशी ही नागमोडी तार फोटॉन टिपते, फोटॉन तारेत विरतो आणि मागे विजेचा एक ठोका उमटतो." 'विरतो' चालेल का 'जिरतो' करू? मला जिरतो जास्त बरोबर वाटतंय, पाणी मातीत जिरतं तसं.

*

जिरतो. विरतो म्हणजे हवेत नाहीसा झाला, हा तारेत गेलाय आणि तारेनेच त्याची ऊब घेतलीय.