लिनक्ससाठी घरगुती प्रिंटर: एअरप्रिंट नसेल तर घेऊच नये?

धागालेखक:
महिन्याला वीस-पंचवीस पानं, त्यातली निम्मी लेकीच्या शाळेची. घरात फक्त डेबियन लिनक्स. माझं मत ठाम आहे: खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया (नेटवर्कवरून थेट छापण्याच्या सोयी) लिहिलेलं असेल तरच प्रिंटर घ्यावा. असे प्रिंटर आयपीपी हा छपाईचा प्रमाण प्रोटोकॉल समजतात, म्हणून कप्सला (लिनक्सवर छपाई सांभाळणारी प्रणाली) वेगळा ड्रायव्हर (ठरावीक प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) लागत नाही. स्कॅनिंगचं काम बहुतेक वेळा सेन-एअरस्कॅन या स्कॅनिंगच्या खुल्या सॉफ्टवेअरवर भागतं. आधीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीने फक्त इंटेल प्रोसेसरसाठी काढला होता, तो रास्पबेरी पाय या वेगळ्या प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर चाललाच नाही. पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.

प्रतिसाद १:
साफ असहमत. एअरप्रिंटसोबत बहुधा वायफाय येतं, आणि वायफाय आलं की किंमत चढते. मी जुन्या बाजारातून एचपी लेझरजेट १०२० आणला. टोनरच्या एका डब्यात साधारण २००० पानं निघतात. फू-टू-झेडजेएस हा ड्रायव्हर टाकला आणि प्रिंटर चालला. पीसी जुना, प्रिंटर जुना, दोन्ही कामाचे. धडधाकट यंत्र भंगारात घालून नवं घ्यायचं, याला स्वस्त म्हणायचं?

धागालेखक:
पण १०२० बंद केला की त्याचं फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) पुसलं जातं, दर वेळी नव्याने चढवावं लागतं. ते फर्मवेअर खुलंही (ओपन सोर्स) नाही. एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर) वापरलंत तर वेगळं प्लगइन, आणि एचपीलिपची आवृत्ती बदलली की तेही बदला. हॉल तिकीट छापायच्या सकाळी हे कोण निस्तरणार?

प्रतिसाद १:
फर्मवेअर यूडेव्हच्या (जोडलेलं यंत्र ओळखणारा लिनक्सचा भाग) नियमाने आपोआप चढतं. एकदा नीट बसवलं की पुन्हा हात लावावा लागत नाही.

प्रतिसाद २:
दोघंही छपाईचं प्रमाण विसरताय. इंक टँक प्रिंटरवर पान अगदी स्वस्त पडतं हे खरं, पण सुट्टीत महिनाभर बंद राहिला की शाई सोडणारं नोझल सुकतं, मग हेड क्लीनिंगमध्येच शाई संपते. वीस पानांसाठी मोनो (फक्त काळी छपाई करणारा) लेझरच. ब्रदरच्या बऱ्याच मोनो लेझरना बीआरलेझर हा खुला ड्रायव्हर चालतो. डेबियनमध्येच मिळतो, रास्पबेरी पायवरही चालतो. म्हणजे एअरप्रिंट नसलं तरी तुमची अडचण सुटते. रंगीत पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढा.

धागालेखक:
बीआरलेझरचं पटलं. खुला ड्रायव्हर असेल तर एअरप्रिंटची अट सोडतो. दर वेळी चढवावं लागणारं, खुलं नसलेलं फर्मवेअर मात्र नकोच.

प्रतिसाद १:
मग जुना ब्रदर बघा, नवा कशाला? लॅपटॉप सोबत न्या, तिथेच एक पान छापा, मगच पैसे द्या.