ओपीयू : फॉलिकल भरपूर दिसतात, पण बीजांडं उघडी येतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाईंमध्ये नियमित ओपीयू (अंडाशयातून सुईने बीजांडं ओढून काढणं) करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. मी पशुवैद्य आहे. सध्या एका वयस्क, जातिवंत गाईवर काम चालू आहे. तिच्या दोन्ही गर्भनलिका बंद आहेत, त्यामुळे रेतन करून किंवा गर्भाशय धुऊन भ्रूण काढून काही साधणार नाही. वंश पुढे न्यायचा तर बीजांडं काढून प्रयोगशाळेत फलन करणं हाच रस्ता उरलाय. फार गुणी गाय आहे हो, म्हणून जीव तुटतो.

अडचण अशी. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर दोन्ही अंडाशयांत फॉलिकल (बीजांड असलेल्या द्रवाच्या पिशव्या) छान दिसतात, बहुतेक ३ ते ६ मिमीचे. सुई शिरली की ते पिचकतानाही दिसतात. पण गाळून उरलेला द्रव डिशमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की निम्म्याहून जास्त बीजांडं उघडी! क्युम्युलसचे (बीजांडाभोवतीच्या पेशींचे) थर गेलेले, कुठे एका कडेला चार पेशी चिकटलेल्या. अशी बीजांडं २२-२४ तास मॅच्युरेशनला (प्रयोगशाळेत पक्व व्हायला) ठेवून फारसं हाती लागत नाही, कारण त्या काळात त्यांना पोसणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात.

शेपटीच्या मुळाशी एपिड्युरल (मणक्यात भुलीचं इंजेक्शन) देतो, शेण काढून घेतो, योनीमार्गातून प्रोब आणि गुदाशयातल्या हाताने अंडाशय प्रोबवर टेकवून धरतो. सुई १८ गेजची. माध्यमात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन आहे, नळी ३७ अंशांवर असते. एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) देत नाही.

पहिला संशय व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाच्या ओढीवर. दाब उतरवला की उघडी बीजांडं कमी होतात, पण मग एकूणच कमी येतात. पंपावरच्या आकड्याला तसा अर्थ नाही, सुई आणि नळी बदलली की ओढ बदलते. त्यामुळे तुम्ही सुईच्या टोकाशी मिनिटाला किती मिली पाणी ओढलं जातं यावर पंप लावता का? किती ठेवता? आणि सुई किती फॉलिकलनंतर बदलता? बोथट सुईचाही हात असावा असं वाटतं.

दुसरा संशय वेळापत्रकावर. आम्ही आठवड्यातून एकदाच करतो. एवढ्या अवधीत एखादा फॉलिकल मोठा होऊन बाकीच्यांना दाबतो, आणि मागे पडलेल्या फॉलिकलमधल्या पेशी सहज सुटतात. मग दोष पंपाचा नसेलही. दर ३-४ दिवसांनी केलं तर कुणी वरचढ व्हायच्या आत सगळे रिकामे होतील. की आधी मोठे फॉलिकल फोडून, एफएसएच देऊन, मग थांबून काढणं बरं?

दर ३-४ दिवसांनी करायचं म्हणजे एपिड्युरलही तितक्या वेळा. हल्ली ती खोड्यात शिरताना अडून उभी राहते. या वयाच्या गाईला असं किती आठवडे सलग करता, आणि अंडाशय घट्ट किंवा चिकटलेलं लागू लागलं की किती विश्रांती देता, हे अनुभवाने सांगा.